मानस

माशेलच्या बाजारात, रंगाच्या दुकानावर आमचं ऑफिस.
जिन्यात टर्पेंटाइनचा वास. वर तीन टेबलं,
एक फॅन, मी आणि प्रज्योत.
पलीकडच्या खाजन-शेतांसाठी आम्ही प्रोग्राम लिहितो:
ओहोटी कधी लागेल ते मोजायचं
आणि मानशीवरच्या माणसाला मेसेज टाकायचा. उघडा.

मराठी शाळेत शिकले मी. मानस म्हणजे मन, एवढंच ठाऊक.
इथे ती बांधातली लाकडी झडप.
नदी उतरली की आतलं पाणी सोडायचं,
चढली की खारं अडवायचं.
तेही मनासारखंच म्हणा,
पण मन इतकं वेळेवर मिटत नाही.

मंगळवारी रात्री दोन चाळीसला बिल्ड हिरवं झालं.
एकशे बारा टेस्ट, एकही लाल नाही.
मी झोपले होते.
त्याच मिनिटाला बाप्तिस्तबाबच्या उशाशी फोन वाजला.

तो उठला. टॉर्च घेतली.
बांधावरून गेला खेकड्यांची बिळं चुकवत.
कोरगुट पोटरीत आलेलं, दोन्ही बाजूंनी नाही, एकाच.
दुसऱ्या बाजूला नुसता काळोख, चुबकणारा.
फळीवर हात ठेवला, बाहेर वाकून पाहिलं,
आणि घरी येऊन झोपला.

सकाळी नऊला जिना चढून आला.
चपला दाराबाहेर काढल्या. ओरडला नाही.
"भायर उदक चड आशिल्लें, बाय," म्हणाला,
जणू चूक नदीची होती.

मग दिवसभर मी त्याच वाटेने उलटी चालत गेले.
टेस्टला एक प्रॉपर्टीज फाइल हवी होती.
टेस्टच्या फोल्डरात ती नव्हती,
म्हणून शेजारच्या, खऱ्या फोल्डरातली उचलली:
खरा गेटवे, खरा नंबर, खरी झोप.
जावाला त्यात काही गैर वाटलं नाही.
आणि बिल्डचा सर्व्हर राहतो ग्रिनिचच्या घड्याळात.
त्याच्या-माझ्यात साडेपाच तास;
नदीला पालटायला सहा पुरतात.
टेस्टने विचारलं होतं एवढंच, मेसेज गेला का?
गेला. हिरवं.

प्रज्योत म्हणाला, माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर येतं.
अरे, तुझा लॅपटॉप माशेलात राहतो.

पॉम फाइल उघडली. शुअरफायरच्या पोटात कॉन्फिगरेशन,
त्यात टाइमझोन: एशिया, तिरकी रेघ, कोलकाता.
मांडवीच्या या फाट्याला यंत्राच्या लेखी नावच नाही,
हिची भरती आम्ही हुगळीकाठच्या पत्त्यावरून मागवतो.
मग एक खोटा गेटवे, मेसेज घेऊन गप्प बसणारा.
मेमरीतला डेटाबेस, टेस्ट संपली की विरणारा.
दर टेस्ट-क्लासला आपलं निराळं जेव्हीएम,
एकाचं मीठ दुसऱ्याच्या वाफ्यात उतरू नये.
संध्याकाळी प्रज्योत वाकून बघत म्हणाला,
अगं, हा तर बांधच घातलास.
मी म्हटलं, चहा सांग.

शेवटी एकशे तेरावी टेस्ट लिहायला घेतली:
बाहेरचं पाणी जास्त असेल तर उघडू नये.
नाव दिलं, कंस उघडला, कंस मिटला,
मधे काय लिहू?
आमच्याकडे तक्ता आहे. नदी नाही.
टॉर्च नाही, फळीवर ठेवायचा हात नाही.
ती टेस्ट मी डिसेबल केली. कारण लिहावं लागतं,
अवतरणचिन्हांत लिहिलं:
बाप्तिस्तबाबला विचारणे.

तेव्हापासून रोज रात्री दोन चाळीसला,
लॉगच्या तळाशी, हिरव्याच्या शेजारी येतं:
वगळलेल्या, एक.